धक्क्यावरचा पारा

स्कॉटलंड हा ब्रिटनचा उत्तरेकडचा मुलूख. त्याच्या पूर्व किनाऱ्यावर, इंग्लंडच्या सरहद्दीपासून सुमारे आठ किलोमीटरांवर, आयमाउथ नावाचे मच्छीमारांचे गाव आहे. आय नावाची लहानशी नदी तेथे समुद्राला मिळते. इंग्रजीत माउथ म्हणजे मुख. नदीच्या मुखाशी वसले म्हणून आयमाउथ.

बंदरासमोर एक टोलेजंग वाडा आहे. जॉन निस्बेट नावाच्या व्यापाऱ्याने तो १७५३ च्या सुमारास बांधला. बाहेरून मोठा अब्रूदार; पण आत, भिंतीत, चहा लपवायची चोरजागा! त्या काळी चहावर जबर कर होता. म्हणून चोरटा चहा येथे रात्री उतरे. वाडा आजही उभा आहे. पण आज आम्ही सांगणार आहोत ती हकिगत वाड्याची नव्हे. ती आहे धक्क्यावरच्या एका लहान यंत्राची.

त्या यंत्राला वायुभारमापक म्हणतात. त्यात पारा असतो. हवेचा दाब कमी झाला की पारा खाली येतो. पारा फार उतरला की समजावे, वादळ येणार. आपल्या बंदरांवर वादळाचा बावटा चढवतात ना, तसाच हा इशारा.

आयमाउथच्या बंदराचे तोंड अरुंद होते. तोंडाशीच खडक. ओहोटीला पाणी उथळ होई. बंदर सुधारायला पैसा हवा होता. पण चर्चचा हक्क म्हणून मच्छीमारांना मासळीचा दहावा हिस्सा द्यावा लागे. विल्यम स्पिअर्स नावाच्या मच्छीमाराने लोकांना एकजूट करून याविरुद्ध लढा दिला. अखेर १८६४ मध्ये दोन हजार पौंड देऊन लोक या जाचातून सुटले. लढा जिंकला; पण त्यात वर्षे गेली, पैसा गेला. बंदर होते तसेच राहिले.

मग आला १४ ऑक्टोबर १८८१, शुक्रवार. त्याआधी कित्येक दिवस खराब हवेमुळे होड्या घरीच होत्या. हातावरचे पोट. घरात पैसा नाही. बायकामुलांनी शिंपल्यांतले मांस काढून शेकडो गळांना आमिष लावून ठेवलेले. ते किती दिवस टिकणार? त्या सकाळी समुद्र शांत, ऊन स्वच्छ. पण धक्क्यावरचा पारा फार खाली होता. लोकांनी तो पाहिला. त्याचा अर्थही त्यांना ठाऊक होता. तरी एक होडी निघाली, तिच्यामागून दुसरी, आणि मग कोणीच मागे राहिले नाही.

दुपारी एकाएकी अंधारून आले. वादळ सुटले. कित्येक होड्या घराच्या ओढीने बंदराकडे वळल्या आणि तोंडाशी येऊन खडकांवर फुटल्या. किनाऱ्यावर बायकामुले उभी होती. डोळ्यांदेखत माणसे गेली. हात द्यायला वाव नव्हता. त्या दिवशी त्या किनाऱ्यावरचे १८९ मच्छीमार बुडाले. त्यांतले १२९ एकट्या आयमाउथचे. ‘एरियल गझेल’ नावाची एक होडी मात्र किनाऱ्याकडे न वळता खोल समुद्रात झुंजत राहिली. दोन दिवसांनी ती सुखरूप परतली.

मृतांच्या घरच्यांसाठी देशभरातून पन्नास हजार पौंडांहून अधिक निधी जमला. आम्हांला वाटते, एवढा पैसा आधी बंदराला मिळता तर किती घरे वाचली असती! पुढे बंदर सुधारले. २०१६ मध्ये गावात ब्राँझचे एक स्मारक उभारले. त्यात ७८ विधवा आणि १८२ मुले समुद्राकडे पाहत उभी आहेत.

काही जण म्हणतील, अडाणी लोक, पारा असून ऐकले नाही. आम्ही तसे म्हणणार नाही. त्यांना पारा वाचता येत होता. पण रिकाम्या पोटी तो मानणे त्यांना परवडत नव्हते. वाचायला शिकणे ही पहिली पायरी. वाचलेले पाळता येईल अशी गावाची स्थिती करणे ही दुसरी. ती एकट्याने चढता येत नाही. सर्वांनी मिळूनच चढावी लागते.

शब्दार्थ
अब्रूदार : प्रतिष्ठित
आमिष : मासा गळाला लागावा म्हणून लावलेले खाद्य
बावटा : निशाण

प्रश्न
१. पारा उतरला म्हणजे काय समजावे?
२. बंदराची सुधारणा का लांबली?
३. त्या सकाळी तुम्ही धक्क्यावर असता तर काय केले असते? आपसांत बोला.