ठिपक्याचं माप

देवळीच्या गच्चीवरून लघुग्रहांची पिधानं टिपता टिपता मला नेपच्यूनपलीकडच्या पिंडांचा नाद लागला. आमच्या दुर्बिणीत ते दिसतही नाहीत, मोठ्या दुर्बिणींतही बहुतेक नुसते ठिपके. त्यांचं माप काढण्याविषयी उमगलेलं थोडं.

१. उजेडावरून आकार ठरवू नये. चार टक्के प्रकाश परतवणारा काळा पिंड आणि शहाण्णव टक्के परतवणारा पांढरा पिंड सारख्याच अंतरावरून सारखेच उजळ दिसत असतील, तर काळ्याचा व्यास जवळपास पाचपट असतो.

२. पिंड दिसत नसला तरी तारा दिसतो. पिंड आड आला की तारा काही सेकंद विझतो; हेच पिधान. ते सेकंद गुणिले सावलीचा वेग, की पिंडाची एक जीवा हाती येते. सावली सेकंदाला वीस किलोमीटर धावत असेल, तर घड्याळातली अर्ध्या सेकंदाची चूक दहा किलोमीटरला पडते. वेळ जीपीएसचीच घ्यावी.

३. हे एकट्याचं काम नाही. देवळीतून एकच जीवा मिळते. आकार कळायला पुलगाव, हिंगणघाटलाही कुणी जागं हवं. ज्याच्याकडे तारा विझलाच नाही, त्याची नोंदही ठेवावी. पिंडाची कड कुठवर आहे, ते तीच सांगते. ६ नोव्हेंबर २०१० रोजी चिलीतून अशाच जीवा जुळवून एरिस या पिंडाचा व्यास २,३२६ किलोमीटर निघाला. प्लूटोहून मोठा मानलेला एरिस पुढे किंचित लहान ठरला.

४. वेळेच्या आधी आणि नंतरही नोंद चालू ठेवावी. १० मार्च १९७७ रोजी युरेनसआड तारा जाण्याआधीच त्याचा उजेड क्षणभर घसरला. आपल्या कावलूर वेधशाळेतूनही भट्टाचार्य आणि कुप्पुस्वामी यांनी ती घसरण टिपली. युरेनसची कडी अशी सापडली. ३ जून २०१३ रोजी दक्षिण अमेरिकेतून जेमतेम अडीचशे किलोमीटरच्या कॅरिक्लो या पिंडाभोवतीही दोन कडी सापडली.

५. आकारावरून वजन कळत नाही. रुईचं पोतं आणि सरकीचं पोतं दिसायला सारखंच, उचललं की फरक कळतो. पिंड उचलून बघायला त्याचा चंद्र लागतो. एरिसचा चंद्र डिस्नोमिया, त्याच्या फेऱ्यांवरून एरिस प्लूटोपेक्षा सुमारे २७ टक्के जड निघाला. चंद्र नसेल आणि यानही जवळून गेलं नसेल, तर घनता हा बहुधा अंदाजच असतो.

अशा पिंडाचा व्यास कुठे छापून आला, तर आधी विचारा: सावलीवरून काढला की उजेडावरून? नुसत्या उजेडावरून असेल, तर तो आकडा पेन्सिलीनेच लिहून ठेवा.