वर्गीकरणाचा एक पाठ : बाजारातील कांदा आणि खेळातील ड्रॅगन

(इयत्ता चौथी व पाचवी. विषय : परिसर अभ्यास व गणित. तासिका दोन.)

वर्गीकरण हा घटक आपण बहुधा पानांचे आकार, प्राण्यांचे पाय अशा ठरीव उदाहरणांनी शिकवितो. मुले उत्तरे पाठ करतात. परंतु हे वर्ग कोणी पाडले व कशासाठी पाडले, हा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहत नाही. वर्गीकरणाचे मर्म तर त्या प्रश्नातच आहे. म्हणून पुढील पाठ योजिला आहे. शिक्षकांनी तो आपल्या गावाच्या परिस्थितीप्रमाणे बदलून घ्यावा.

पूर्वतयारी. — लहानमोठे वीस-पंचवीस कांदे, फिकट व गडद रंगाच्या गुळाचे दोन खडे आणि पुठ्ठ्याच्या अकरा चिठ्ठ्या.

प्रस्तावना. — पुणे जिल्ह्यातील अनेक गावांचा शेतमाल पुण्यास गुलटेकडी येथील मार्केट यार्डात जातो. तेथे फळे-भाजीपाला, कांदा-बटाटा, फुले, गूळ-भुसार यांचे विभाग वेगवेगळे आहेत. हा बाजार म्हणजे वर्गीकरणाची एक मोठी शाळाच होय. मुलांना विचारावे, "कांदा गोणीत भरण्यापूर्वी घरची माणसे काय करतात?" शेतकऱ्याचे मूल लगेच सांगेल की, मोठा कांदा निराळा काढतात, मध्यम निराळा आणि गोल्टी निराळी, कारण सरमिसळ मालाला भाव कमी येतो. मग पुढचा प्रश्न विचारावा, "तोच कांदा घरी खाण्यासाठी ठेवायचा असेल तर?" तेव्हा आई आकार पाहत नाही, मोड आलेला व ओलसर कांदा आधी वापरावयास काढते. दोन्ही प्रकारे कांदे प्रत्यक्ष निवडून घ्यावेत. ढीग बदलले, कांदे मात्र तेच राहिले, हे मुलांच्याच तोंडून यावे.

हेतुकथन. — "आज आपण जगात कोठेही नसलेल्या प्राण्यांचे वर्ग पाडणार आहोत," असे सांगून फळ्यावर 'ड्रॅगन' हा शब्द लिहावा. काल्पनिक प्राणी घेण्याचे कारण असे की, त्याचे उत्तर कोणाचेच आधीपासून पाठ नसते. हुशार व मागे पडलेले मूल येथे एकाच पायरीवर उभे असते.

विषयविवेचन. — अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला. चारसहा गडी मेजाभोवती बसतात. एक जण कथा सांगतो, बाकीचे कथेतील एकेक पात्र होऊन बोलतात, आणि संकटाचा निकाल फाशावर लागतो. ह्या कथांत पंख असलेला, चार पायांचा, तोंडातून फूत्कार सोडणारा ड्रॅगन भेटतो. पहिल्या नियमपुस्तिकेत त्याच्या सहा जाती होत्या : पांढरा, काळा, हिरवा, निळा, लाल व सोन्याचा. १९७५ च्या पुरवणीत पितळेचा, काशाचा, तांब्याचा व रुप्याचा अशा आणखी चार आल्या. पुढे पाच रंगांचे आणि पाच धातूंचे असे दोन कुळांचे वर्गीकरण रूढ झाले. रंगाचे ड्रॅगन दुष्ट व धातूचे सज्जन, असे खेळाच्या नियमांत ठरले.

दहा चिठ्ठ्यांवर एकेक नाव व त्याचा फूत्कार लिहावा. लाल, पितळेचा व सोन्याचा हे अग्नी सोडतात. निळा व काशाचा वीज. काळा व तांब्याचा आम्ल. पांढरा व रुप्याचा गोठविणारी थंडी. आणि हिरवा विषारी वायू. (धातूच्या ड्रॅगनांना दुसराही एक फूत्कार असतो, पाठापुरता तो सोडून द्यावा.)

आता मुलांकडून चिठ्ठ्यांचे ढीग करून घ्यावेत. अंगावरून वर्ग पाडले तर पाच व पाच असे दोनच ढीग होतात. फूत्कारावरून पाडले तर तीन, दोन, दोन, दोन व एक असे पाच ढीग होतात, आणि दुष्ट लाल व सज्जन सोनेरी हे एकाच ढिगात येऊन बसतात. खेळाच्या हल्लीच्या नियमांत पिल्लू, तरुण, प्रौढ व प्राचीन अशा वयाच्या चार अवस्थाही आहेत. दहा जाती व चार अवस्था मिळून किती चिठ्ठ्या लागतील, हे गणित येथेच करून घ्यावे.

शेवटी अकरावी चिठ्ठी द्यावी. तिच्यावर 'वायव्हर्न : दोन पंख, दोनच पाय, शेपटीला विषारी नांगी' असे लिहावे. हा ड्रॅगन म्हणावा की नाही? वादाला पाच मिनिटे द्यावीत. खेळाचे नियम त्याला ड्रॅगनांच्या गणात घेतात, पण खऱ्या ड्रॅगनांत मोजत नाहीत. वर्गाची सीमा माणसाने आखलेली असते, हे मुलांना या वादातूनच उमजेल. सांगून उमजणार नाही.

संकलन. — खेळात रंग पाहिला की स्वभाव कळतो. कारण खेळ रचणाऱ्यानेच तसे ठरविले. खऱ्या जगात खूण तपासून घ्यावी लागते. गुळाचे दोन खडे दाखवावेत. पिवळाधमक गूळ बाजारात उठून दिसतो. परंतु तो रंग रसायन घालूनही आणता येतो, आणि गडद गूळ गोडीला कमी असतोच असे नाही.

मनुष्याच्या बाबतीत ही चूक फार घोर ठरते. ब्रिटिश सरकारने १८७१ साली कायदा करून काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. हा कायदा स्वतंत्र भारतात १९५२ साली रद्द झाला. पण शिक्का मनातून लवकर पुसला जात नाही. वर्गात काही वस्तू हरवली की सर्वांची नजर पारधी वस्तीवरील मुलाकडे वळते, तेव्हा तो जुना कायदा आपल्याच शाळेत पुन्हा चालू झालेला असतो. अशा वेळी शिक्षकाची नजर कोठे वळते, हे मुले पाहत असतात. खेळ रचणाऱ्यांनाही पुढे आपला नियम अपुरा वाटला; २००४ साली आलेल्या 'एबेरॉन' ह्या कल्पित जगात ड्रॅगनचा स्वभाव रंगावरून ठरत नाही. कल्पनेतील प्राण्याला जी मुभा मिळाली, ती आपल्या वर्गातील मुलाला नाकारू नये.

उपयोजन. — (१) घरातील भांड्यांचे धातूवरून व उपयोगावरून असे दोन वेळा वर्ग पाडा. (२) आपल्या गावातून मार्केट यार्डात जाणाऱ्या एका मालाची प्रतवारी कोणत्या खुणांवरून होते, ते घरी विचारून लिहा. (३) स्वतःचा एक ड्रॅगन रचा व तो कोणत्या वर्गात बसत नाही ते सांगा.

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे वर्गात मोठ्याने वाचून घ्यावीत. त्यांना गुण देऊ नयेत.