मरीयेची जागा

शास्त्रपाठ : लूक १०:३८-४२

या पाठावर बोलताना आपण बहुधा दोघी बहिणींच्या स्वभावांची तुलना करतो. आज मरीया कोठे बसली, याकडे लक्ष देऊ. ती प्रभूच्या चरणांजवळ बसली. पौलही आपले शिक्षण गमलिएलाच्या चरणांजवळ झाल्याचे सांगतो (प्रे. कृत्ये २२:३). म्हणजे ही शिष्याची जागा होय. मार्थेची तक्रार कामाची होती आणि काम खोटे नव्हते. तरीही त्या कामासाठी प्रभूने मरीयेला उठवले नाही.

आपण मात्र उठवतो. बेळगावकडील आमच्या गावी शाळा सातवीपर्यंतच होती. आमची थोरली बहीण गणितात आमच्याहून हुशार. पण हायस्कूल दुसऱ्या गावी, घरी धाकटी भावंडे आणि विहिरीचे पाणी. ती घरी राहिली. दोन वर्षांनी त्याच हायस्कुलात जाण्यासाठी आम्हाला सायकल मिळाली. वडील प्रार्थनाशील होते; कोणाच्याही मनात वाईट नव्हते. तिला का नाही, हे आम्हीही विचारले नाही.

आपल्या मंडळ्यांचा वारसा असा नाही. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरारबाई १८२७ साली मुंबईस आल्या आणि पुढे अहमदनगर येथे मुलींना शिकवीत राहिल्या. त्यांच्या शाळेवरून जोतीराव फुले यांना प्रेरणा मिळाली व १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. तरी २०११ च्या जनगणनेत देशातील पुरुषांची साक्षरता सुमारे ८१ टक्के, तर स्त्रियांची सुमारे ६५ टक्के होती.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींना मोफत शिक्षणाचा हक्क दिला. त्यापुढे मुलगी शिकेल की नाही, हे बहुधा घरातच ठरते. म्हणून हा प्रश्न सरकारइतकाच आपल्या स्वयंपाकघराचाही आहे.

शिक्षकहो, आपल्या वर्गातील कोणती मुलगी यंदा आठवीत आहे? शाळा सुरू होण्याची वाट न पाहता तिच्या घरी जा. आईबापांना दोष देऊ नका. अडचण पैशाची, वाटेची की घरकामाची, हे विचारा. वाटेची असेल तर सोबत शोधता येते. कामाची असेल तर भावानेही घागर उचलावी.

विचारासाठी प्रश्न :
१. मार्थेचे काम कोणी वाटून घ्यायला हवे होते?
२. आपल्या घरात शिकण्याच्या जागेवरून कोणाला उठवले गेले?

प्रभूने जी जागा मरीयेकडून काढून घेतली नाही, ती आपण आपल्या मुलींकडून काढून घेऊ नये.