एकच जाळं, चार शेततळी

मैत्रिणींनो, जत, आटपाडी, माण, खटाव या आपल्या दुष्काळी पट्ट्यात द्राक्ष-डाळिंबासाठी खोदलेल्या शेततळ्यांत आता कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस सोडले जातात. कुठे कुठे गटातल्या बायका मिळून हा धंदा करतात. बीज आणि खाद्य गटाच्या कर्जातून आलं, की एका तळ्यात मर लागली तरी हप्ता दहा घरांचा अडतो. म्हणून रोग तळ्यात शिरतो कसा, हे या पाठात पाहू.

बीजातून आणि बाहेरच्या पाण्यातून रोग येतो, हे बहुतेकींना ठाऊक असतं. जाळ्याकडे मात्र कुणी बघत नाही. गट एकच जाळं विकत घेतो. सकाळी एकीच्या तळ्यात ओढलं की दुपारी ओलंच दुसरीच्या तळ्यावर जातं. त्याच्याबरोबर माशांची ऊ जाते. तिला आर्ग्युलस म्हणतात. मसूरडाळीएवढी, चपटी, नीट पाहिलं तर डोळ्याला दिसते. माशाचं रक्त पिते. मासे अंग घासत, उड्या मारत फिरू लागले की एक धरून कल्ल्यामागे आणि परांखाली बघा. ही ऊ अंडी कडक वस्तूवर घालते, त्यामुळे एक साधी युक्ती चालते. तळ्यात चार बांबू उभे करा, दर आठवड्याला काढून कडक उन्हात वाळवा, परत लावा. अंडी उन्हात मरतात.

दुसरा रोग जास्त वाईट, जखमांचा. अंगावर लाल चट्टे येतात, मग मांसापर्यंत खोल व्रण पडतात. 1988 मध्ये हा रोग ईशान्य भारतात दिसला आणि काही वर्षांतच देशभर पसरला. बुरशीसारखा एक जीव त्याला कारण असतो आणि त्याला थंड पाणी मानवतं. दिवाळीनंतर संक्रांतीपर्यंत जपायचं ते म्हणूनच. थंडी सुरू व्हायच्या आधी गुंठ्याला दोन किलोच्या हिशेबाने शेतीचा चुना पाण्यात कालवून सगळीकडे फेका. पण आधी पाण्याचा सामू तपासा. साडेआठच्या वर असेल तर चुना टाकू नका. प्लॅस्टिक कागदाच्या तळ्यात सामू पटकन चढतो. व्रण पडलेला मासा बाजारात नेऊ नये. एकदा गिऱ्हाईक तुटलं की परत येत नाही.

किनाऱ्यावरच्या कोळंबीवाल्यांनी हे फार महागात शिकलंय. 1994 पासून पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने तळीच्या तळी रिकामी केली. त्यावर औषध नाही. आज ते तपासलेलं बीज घेतात आणि तळ्यावर येणाऱ्याचे पायही जंतुनाशकात बुडवून घेतात. आपल्याला एवढं नको, पण जाळं दोन दिवस कडक उन्हात वाळवल्याशिवाय दुसऱ्या तळ्यात जाऊ नये, एवढं जमतं. शक्य असेल तर प्रत्येक तळ्याची बादली आणि हातजाळं वेगळं ठेवा.

बोटुकली आली की पिशवी न फोडता पंधरा-वीस मिनिटं तळ्यावर तरंगू द्या. मग दहा लिटर पाण्यात दोनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात दोन-तीन मिनिटं ठेवा. उलटी पडू लागली तर लगेच काढा. घाई करून पिशवी थेट ओतणं, हा उधळपट्टीचा प्रकार आहे.

सगळीच मर रोगाची नसते, हेही ओळखायला हवं. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील, मोठे आधी मरत असतील आणि अंगावर जखम नसेल, तर प्राणवायू कमी पडलाय. खाद्य बंद करा, मोटर लावून पाणी उडवा. औषध ओतू नका. रोगात मासे रोज थोडे थोडे मरतात आणि आकडा वाढत जातो. मार्च 2023 मध्ये सांगलीजवळ कृष्णेत मासे मेले, तेव्हा बोट दूषित पाण्याकडे होतं. असं पाणी तळ्यात उपसून घेऊ नका.

मेलेले मासे ओढ्यात टाकू नका, कुत्र्यांना घालू नका. तळ्यापासून लांब खड्डा करून चुना टाकून पुरा. रोज किती मेले, ते गटाच्या वहीत तारखेसह लिहा. आकडा वाढला की जिल्ह्याच्या मत्स्य कार्यालयाला कळवा. मोबाईलवर ‘रिपोर्ट फिश डिसीज’ हे केंद्र सरकारचं ॲपही आहे. तपासणीला कुजलेला मासा न नेता आजारी पण जिवंत मासा, तळ्याच्याच पाण्यात, प्राणवायू भरलेल्या पिशवीत न्या, आणि ती वही सोबत घ्या.