बटण आधी, ऊब नंतर

बाय, पौषातल्या पहाटे पोलादपूरहून आंबेनळीचा घाट चढून महाबळेश्वरला स्कूटरवर जायचं म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. जाकिटात तापणारा पॅड शिवायचा म्हणतेस, तर शिव. पण कापड, अस्तर सगळं ठरवून बटणाचं मात्र "बघू कुठलंही" म्हणालीस, तिथे माझ्या पोटात गोळा आला.

आधी एक ऐक. जुन्या इलेक्ट्रिक ब्लँकेटची तार उसवून घेऊ नकोस. ती घरच्या २३० व्होल्टसाठी असते. आपल्याला १२ व्होल्टचे कार्बन फायबरचे पॅड हवेत. पाठीला एक, पोटाला एक. प्रत्येकाचा रोध १२ ओहम असेल, तर १२ व्होल्टवर एकेक अँपिअर वीज खेचतो, म्हणजे १२ वॉट ऊब. दोन्ही समांतर जोडलेस की दोन अँपिअर. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्टच्या आसपास दाब असतो, तेव्हा सव्वादोनच्या वर जाईल. म्हणून फ्यूज तीन अँपिअरचा, आणि तो बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरावर. पुढे कुठेही तार सोलून शॉर्ट झाली तर फ्यूज उडेल. फ्यूजच्या अलीकडच्या तुकड्याला मात्र कोणी वाली नाही.

फ्यूजनंतर बटण, तेही प्लसच्या तारेवर. घरातल्या दिव्याचं बटण नको गं. घरची वीज सेकंदाला शंभरदा शून्यावर येते, त्यामुळे बटण उघडताना उडालेली ठिणगी आपोआप विझते. बॅटरीचा प्रवाह तसा शून्यावर येत नाही. १२ व्होल्टला ठिणगी लहानच असते, पण आतले पत्रे हळूहळू जळतात आणि कधीतरी चिकटून बसतात. मग तू बटण बंद करशील आणि पॅड तापतच राहील. गाडीच्या सामानाच्या दुकानात जा, निदान पाच अँपिअर, १२ व्होल्ट डीसी लिहिलेलं बटण माग. छातीशी डाव्या बाजूला बसव, हातमोज्यातूनही दाबता येईल असं. जोडणी चावीच्या लाइनवरून घेताना मेकॅनिकला विचार. नाहीतर गाडी उभी असताना स्कूटरची छोटी बॅटरी पॅडच रिकामी करतील.

पॅडच्या टोकांना कथलाचा डाग धरत नाही, ती क्रिंप करून वर हीटश्रिंक नळी चढव. तार बटणापाशी रोज वाकते आणि तिथेच तुटते, म्हणून तिला अस्तरावर दोन टाके घालून ढिली सोड. कमरेशी खेचलं की सुटेल असा कनेक्टर हवाच.

आपल्या सव गावातल्या गरम पाण्याच्या कुंडात चटका बसला की माणूस पाय वर घेतो. जाकिटातून असं बाहेर येता येत नाही, आणि थंडीने बधिर झालेल्या कातडीला चटका कळतही नाही. ४४ अंश हाताला नुसतं गरम लागतं, पण तेवढंच सहा तास एका जागी टेकून राहिलं तर कातडी भाजते. म्हणून पॅड सुती अस्तराच्या आत, अंगाला थेट नाही. त्याला घडीही पडू द्यायची नाही, घडीत उष्णता साठते. जाकीट घालून झोपायचं तर नावच काढू नकोस.

रविवारी सामान घेऊन इकडेच ये. मल्टिमीटर आहे माझ्याकडे. जोडणी टेबलावर अर्धा तास चालवून, हात ठेवून बघू, मगच टाके घालू.