रब्बी नसलेल्या समाजात प्रार्थना सांगताना

मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजातला. रायगडातल्या आमच्या सिनेगॉगमध्ये हझ्झान म्हणून प्रार्थना सांगतो. कोकणातल्या आमच्या गावांना स्वतःचा रब्बी, म्हणजे धर्मगुरू, असा लाभलाच नाही. डेव्हिड राहबी या बाहेरून आलेल्या ज्यू विद्वानांनी तीन घराण्यांतल्या माणसांना विधी शिकवून काजी केलं, अशी परंपरा आहे. तेच गावोगाव फिरून लग्नं लावत. १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत आमचं पहिलं सिनेगॉग उभारलं. रब्बीकडे न्यायची दुःखं आजही माणसं हझ्झानकडेच आणतात. त्यातून मी शिकलेल्या या चार गोष्टी.

१. आधी दहा माणसं, मग विद्या. तेरा वर्षांवरचे दहा पुरुष म्हणजे मिनियान. त्याशिवाय मृतांसाठी म्हणायची कद्दिश प्रार्थना नाही, तोरा या आमच्या धर्मग्रंथाचं वाचन नाही. निम्मी आळी इस्रायलला, दिमोना, लोद, बीर शेवाला गेली. वडिलांच्या पुण्यतिथीला आलेला मुलगा नऊ डोकी मोजून दाराकडे बघत राहतो, तेव्हा माझा जीव तुटतो. आदल्या दिवशी दहा घरी फोन करणं हे मी प्रार्थनेइतकंच पवित्र मानतो.

२. चूक सांगणारा आपलाच असतो. तोराच्या गुंडाळीत स्वरचिन्हं नसतात. चर्मपत्राला बोट लावायचं नाही, चांदीच्या काठीने ओळ धरायची. उच्चार चुकून अर्थ बदलला की बाकावरून कुणीतरी मोठ्याने दुरुस्त करतं आणि तो शब्द पुन्हा वाचावा लागतो. भर सभेत, सगळ्यांदेखत. वाचणाऱ्याचा अहंकार जिरवायला याहून चांगली सोय मला माहीत नाही.

३. मयताच्या घरी आपण आधी बोलू नये. शोकात बसलेला माणूस तोंड उघडेपर्यंत गप्प बसावं, असं आमचं शास्त्रच आहे.

४. अधिकाराआधी ओळख हवी. धर्माच्या नियमाप्रमाणे मटणात गायी-म्हशीचं दूध नको म्हणून आमच्या बायकांनी नारळाच्या दुधावर स्वयंपाक सांभाळला, शनिवारी, आमच्या विश्रांतीच्या दिवशी, आमचे तेलाचे घाणे बंद राहिले. तरी १९६२च्या सुमारास इस्रायलच्या मुख्य रब्बींनी बेने इस्रायलांच्या लग्नाआधी मागच्या पिढ्यांची चौकशी करायला सांगितलं. आमची माणसं रस्त्यावर उतरली. १९६४ साली तो विषय मिटला. घटस्फोट, धर्मांतर हे प्रश्न मी आजही जाणत्या रब्बींकडेच पाठवतो. पण निवाडा देणाऱ्याने आधी त्या घरात जेवावं, असं माझं ठाम मत आहे.

मुंबई-ठाण्यातल्या आमच्या तरुणांनो, सणाला गावी येणार असाल तर आधी कळवा. दहावा माणूस आम्हाला नेहमीच कमी पडतो.