‘लेटेस्ट’च्या भरवशावर राहू नकोस

चि. भाचीस,


गिटहब ॲक्शन्समध्ये काय काय नवीन आलंय ते परवा फोनवर किती खुशीत सांगत होतीस! रविवारी बसून सगळ्या वर्कफ्लो फाइली नव्याने लिहून काढते म्हणालीस. त्याआधी हे पत्र तुझ्या हाती पडावं म्हणून घाईने लिहितोय.

अपडेटची सूचना आली की तू काय मिळतंय ते आधी वाचतेस. मी काय जाणार आहे ते आधी वाचतो. नवीन सुविधा महिनाभर वापरली नाही तरी काही बिघडत नाही. जाणारी गोष्ट मात्र आपल्यासाठी थांबत नाही. 2024च्या डिसेंबरात ‘उबुंटू-लेटेस्ट’ या नावामागे 22.04 जाऊन 24.04 येऊ लागली. आमच्या फाइलीतलं एक अक्षरही बदललं नव्हतं, तरी बिल्ड फेल. आधी मशीनवर तयार मिळणारं एक टूल नव्या इमेजमध्ये नव्हतंच. सूचना कितीतरी आधी आली होती, मीच वाचली नव्हती. तेव्हापासून मी ‘लेटेस्ट’ लिहीत नाही, आकडा लिहितो.

दुसऱ्यांच्या तयार ॲक्शन्स वापरताना तर फारच जप. मार्च 2025मध्ये ‘टीजे-ॲक्शन्स’च्या ‘चेंज्ड-फाइल्स’चं काय झालं ते शोधून वाच. घुसखोराने तिचे जुने व्हर्जन-टॅगसुद्धा आपल्या कोडकडे वळवले आणि तो कोड रनरच्या मेमरीतली गुपितं लॉगमध्ये छापू लागला. 23,000हून जास्त रिपॉझिटरी ती ॲक्शन वापरत होत्या. टॅग म्हणजे दारावरची पाटी, बाळा. ती काढून दुसऱ्या दारावर लावता येते. कमिटचा चाळीस अक्षरी हॅश तसा हलवता येत नाही. ज्यांनी आधीचा, चांगल्या कमिटचा हॅश लिहिला होता ते वाचले. ऑगस्ट 2025पासून असा हॅश सक्तीचा करण्याची सोय सेटिंगमध्येच आली आहे. तू सांगितलेल्या यादीत ती नव्हती. माझं ऐकशील तर सगळ्यात आधी तीच चालू कर. हॅश जुने पडतील ही तुझी शंका रास्त आहे. त्यासाठी डिपेंडाबॉट लाव, तो बदलाची पुल रिक्वेस्ट आणून देतो. फक्त ती न वाचता मर्ज करू नकोस.

आणखी एक. फेब्रुवारी 2023पासून वैयक्तिक खात्यांतल्या नव्या रिपॉझिटरींमध्ये वर्कफ्लोच्या टोकनला मुळात फक्त वाचण्याची परवानगी असते. तुमचा प्रोजेक्ट त्याआधीचा, म्हणजे तिथे लिहिण्याची मुभा अजून उघडी असू शकेल. ते बघून घे.

रविवारी सगळ्या फाइलींना हात घालू नकोस. टेस्टची एकच फाइल घे, वेगळ्या ब्रँचवर. तिच्यात वेळेची मर्यादाही घाल, नाहीतर अडकलेला जॉब सहा तास मिनिटं खात बसेल. रिलीजची फाइल पुढच्या आठवड्यात आपण दोघं मिळून बघू. मी शनिवारी तुमच्याकडे येतोच आहे.

तुझा,
मामा